मूल झोपावे, मज्जारज्जू जागा राहावा

'भूल' हा आपल्या भाषेतला मोठा चकवा शब्द आहे. रानात वाट चुकलेल्याला रानभूल लागते, बाजारात गेलेल्याला झगमगाटाची भूल पडते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर भूल देतात. हिंदी-उर्दूत हाच शब्द चूक आणि विसर या अर्थांनी येतो. ऑपरेशनच्या आधी तिकडे माणसाला बेहोश करतात. सरकारी मराठीने 'बधिरीकरण' असा भारदस्त शब्द घडवला आणि तो रुग्णालयांच्या पाट्यांवर जाऊन बसला. लोकांनी मात्र भूलच पसंत केली. मी कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. वैद्यकाशी माझा संबंध आला तो रुग्णाचा नातेवाईक म्हणून. पण या शब्दाच्या मागे लागलो आणि त्यातून एक इतिहास हाती आला. तोच आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

बधिर करणे म्हणजे सगळेच सुन्न करणे, अशी आपली समजूत असते. परंतु एक शस्त्रक्रिया अशी आहे, जिथे सगळेच सुन्न करून चालत नाही. ती म्हणजे पाठीच्या कण्याची, आणि त्यातही लहान मुलाच्या कण्याची. मुलाला काही कळता कामा नये, दुखता कामा नये, ते हलता कामा नये. पण त्याच वेळी मेंदूकडून पायाकडे आणि पायाकडून मेंदूकडे जाणारे निरोप पोहोचत राहिले पाहिजेत आणि ते पोहोचतात की नाही, हे सर्जनला क्षणोक्षणी कळले पाहिजे. मुलाला झोपवायचे, पण मज्जारज्जूला जागे ठेवायचे. यासाठी कोणती भूल निवडायची, हा प्रश्न आज परळच्या रुग्णालयांत येणाऱ्या आईबापांपुढेही उभा राहतो. त्याचे उत्तर पावणेदोनशे वर्षांत हळूहळू तयार झाले आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथरची वाफ हुंगवली आणि जॉन वॉरन या वयोवृद्ध सर्जनने त्याच्या जबड्याखालच्या गाठीवर शस्त्रक्रिया केली. रुग्ण ओरडला नाही. त्याआधी शस्त्रक्रिया म्हणजे चार दांडग्या माणसांनी रुग्णाला दाबून धरायचे आणि सर्जनने घड्याळाशी शर्यत लावायची, असा प्रकार होता. बातमी जहाजाने हिंदुस्थानात आली आणि मार्च १८४७ मध्ये कलकत्त्यात ईथर वापरले गेले. मुंबईत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म आणले. ते हुंगायला गोड, परिणामाला जलद, रुमालावर चार थेंब टाकले की काम झाले. क्लोरोफॉर्मचा जगभर बोलबाला झाला.

पण अवघ्या अडीच महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताना दगावली. तिच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते, एवढेच. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला बळी एक मूल होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

मग वाद सुरू झाला. असे रुग्ण श्वास बंद पडून जातात की हृदय बंद पडून? हा वाद वरवर पाहता पंडिती वाटेल, पण त्याचा अर्थ अगदी व्यवहारी होता. भूल देणाऱ्याने नजर कुठे ठेवायची? श्वासावर की नाडीवर? एडिंबरोची परंपरा म्हणे, श्वास पाहा. लंडनकडचे डॉक्टर म्हणत, नाडी सोडू नका. माझ्या मते भुलीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

या वादाचा एक अंक आपल्या शेजारी रंगला. मराठवाडा तेव्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तिथे १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म कमिशन बसले. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचा त्यात पुढाकार होता आणि सहावे निझाम महबूब अली खान यांनी पैसा पुरवला. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने आपला प्रतिनिधी पाठवला. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो, तेव्हा श्वासावरच लक्ष ठेवा. या कामात रूपाबाई फर्दुनजी ही तरुण पारशी विद्यार्थिनी होती. १८८५ मध्ये ती हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाली होती आणि १८८९ मध्ये उत्तीर्ण झाली. पुढे क्लोरोफॉर्म देणे हेच तिचे काम झाले. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये तिचे नाव घेतले जाते. ज्या काळात मुलीने शाळेची पायरी चढणे हेच नवल होते, त्या काळातली ही गोष्ट.

हैदराबादचा निष्कर्ष मात्र अपुरा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही या इंग्रज डॉक्टरने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदयाची लय अचानक विस्कटते आणि मृत्यू येतो. म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर होते. श्वासही पाहायला हवा, नाडीही पाहायला हवी. तिसरी गोष्ट पाहायची वेळ अजून यायची होती. ती गोष्ट म्हणजे नसा.

आता परळला येऊ. गिरण्यांच्या या गावात सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ पासून उभे आहे. तिथले अध्यापक हिंदीच असावेत, अशी देणगीदारांची अट होती. परकीय अमदानीत अशी अट घालायला छाती लागते. त्याच रस्त्यावर १९२९ मध्ये वाडिया घराण्याने बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभारले. लालबागचे नवरोज बाग ज्या जेरबाईंमुळे उभे राहिले, त्याच या जेरबाई. त्यांच्या मुलांनी आईच्या नावाने फक्त मुलांसाठी दवाखाना काढला. गिरणगावातल्या चाळीत जन्मलेल्या किती पोरांचे पहिले औषध तिथले असेल, याची मोजदाद कोण करणार?

माझे लहानपण याच भागात गेले. दहा बाय बाराच्या खोल्या, सामायिक संडास, गिरणीचे भोंगे. सत्तरच्या दशकात आमच्या चाळीत पायाला कॅलिपर लावलेली मुले होती. लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे लावून ती जिना उतरत, तेव्हा त्यांच्या पावलांचा आवाज वेगळा येई. पोलिओ हा आमच्यासाठी पुस्तकातला शब्द नव्हता. काही मुलांच्या पाठीचे स्नायू एका बाजूने लुळे पडत आणि वाढीच्या वयात कणा त्या बाजूला वाकत जाई. दुसरे कारण क्षयाचे. कोंदट खोल्यांत क्षय फुफ्फुसातून मणक्यात उतरे, मणका आतून पोखरून ढासळे आणि मुलाला कुबड येई. लोक त्याला नशीब म्हणत आणि पुढे जात.

सगळेच पुढे गेले नाहीत. फातिमा इस्माइल या त्यांपैकी एक. उमर सोबानी यांच्या त्या भगिनी. ३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली, ते आवार याच सोबानींचे. फातिमाबाईंच्या मुलीला पोलिओ झाला. पदरी साधन होते, मुलीवर उपचार करून त्या स्वस्थ बसू शकल्या असत्या. त्याऐवजी १९४७ साली, म्हणजे फाळणीच्या धामधुमीत, त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातून अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि हाजीअलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या साली फातिमाबाईंनी दवाखाना काढला, त्याच १९४७ मध्ये भारतातल्या भूलतज्ज्ञांनीही आपली संघटना स्थापन केली. तोवर भूल देणे हे शिकाऊ डॉक्टरकडे सोपवायचे हलके काम मानले जाई.

त्याच सुमारास अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन पोलिओने वाकलेल्या कण्यांशी झुंजत होते. त्यांनी पोलादाची सळई आणि आकडे घडवले. मणक्यांना आकडे अडकवायचे, सळईने ताण द्यायचा आणि कणा सरळ करायचा. १९६२ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि ज्या मुलांना वर्षानुवर्षे प्लास्टरमध्ये जखडून ठेवत, ती उभी राहू लागली. पण कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. करंगळीएवढ्या जाडीच्या त्या दोरीतून सगळ्या शरीराचा कारभार चालतो. कणा ताणताना तोही ताणला जातो, त्याचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. असे क्वचितच होई, पण झाले की मूल शुद्धीवर येई ते लुळे पाय घेऊन. चालत आलेले मूल. आणि हे सर्जनला कळे ते टाके घालून झाल्यावर, म्हणजे काही करण्याची वेळ बहुधा निघून गेल्यावर.

यावर फ्रान्समध्ये लिआँच्या स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये एक धाडसी उपाय मांडला. सळई बसवली की भूल हलकी करायची, रुग्णाला अर्धवट जागे करायचे आणि सांगायचे, 'हात दाब. आता पाय हलव.' पाय हलले तर पुन्हा झोपवायचे आणि पुढचे काम करायचे. हलले नाहीत तर ताण लगेच सैल करायचा. याला वेक-अप टेस्ट म्हणतात. पाठ उघडी, तोंड खाली, घशात नळी, अशा अवस्थेत मुलाला उठवायचे म्हणजे काय, याची कल्पना करा. दचकून त्याने नळी उपसली तर? आणि पाच वर्षांच्या पोराला 'पाय हलव' म्हटलेले कळणार तरी किती? शिवाय ही परीक्षा म्हणजे एका क्षणाचा फोटो. पुढच्या मिनिटाला काही बिघडले तर ते त्यात दिसत नाही.

सलग पहारा हवा होता. तो विजेच्या संकेतांनी दिला. सत्तरच्या दशकात जपान आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी घोट्याजवळच्या नसेला विजेचा हलका झटका देऊन तो निरोप मज्जारज्जूतून वर मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे शस्त्रक्रिया चालू असतानाच मोजायला सुरुवात केली. डोक्यावर लावलेल्या तारा तो निरोप टिपतात आणि पडद्यावर लाटा उमटतात. लाट खचली, उशिरा आली, तर काहीतरी बिघडतेय. १९९५ मध्ये ५१ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध झाला. असा पहारा ठेवण्यात मुरलेल्या चमूंच्या हाती नसांची इजा नवख्या चमूंच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होती.

तरी एक भोक राहिलेच. घोट्याकडून वर जाणारा हा निरोप मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जातो. हालचालीचा हुकूम मेंदूकडून खाली येतो तो वेगळ्या वाटेने. वरची लाट ठणठणीत आणि मुलाचे पाय मात्र लुळे, असे प्रसंग घडले. म्हणून दुसरी वाटही तपासणे आले. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून विजेचा झटका देऊन हातापायाचे स्नायू हलवून दाखवले. (हा मॉर्टन बॉस्टनचा नव्हे, नाव तेवढे सारखे.) नव्वदच्या दशकात भुलेखाली असलेल्या रुग्णावरही ही तपासणी भरवशाने करता येऊ लागली.

इथे भूल निवडण्याचा प्रश्न अटीतटीचा होतो. मुलांना भूल देण्याचा सर्वांत सोपा मार्ग हुंगवण्याचा. १९५१ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत चार्ल्स सकलिंग यांनी हॅलोथेन बनवले. १९५६ पासून ते रुग्णांना दिले जाऊ लागले आणि मुलांच्या शस्त्रक्रियांत दीर्घकाळ त्याचे राज्य चालले. नंतर सेव्होफ्लुरेन आले. पण हे वायू मेंदूला जसे निजवतात तसे त्या निरोपांनाही निजवतात. वायूची मात्रा वाढवली की लाटा बुटक्या होतात, आणि हालचालीच्या हुकमाची लाट तर सगळ्यात आधी मावळते. दुसरी अडचण स्नायू सैल करणाऱ्या औषधांची. कुरारे हे त्यांतले पहिले. १९४२ मध्ये माँट्रियलला ते भुलीत आले. या औषधांनी सर्जनचे काम सोपे झाले, पण स्नायूच हलणार नसेल तर मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोहोचला की नाही, हे कळणार कसे?

उत्तर एका पांढऱ्या, दुधासारख्या औषधाने दिले. त्याचे नाव प्रोपोफॉल. त्याचे जनक जॉन ग्लेन हे मुळात गुरांचे डॉक्टर. याच आयसीआय कंपनीत त्यांनी हे औषध शोधले आणि १९८६ मध्ये ते बाजारात आले. पहिल्या द्रावणाने काही रुग्णांना तीव्र प्रतिक्रिया आल्या, म्हणून सोयाबीन तेल आणि अंड्यातला लेसिथिन वापरून ते नव्याने बनवावे लागले. २०१८ मध्ये ग्लेन यांना लास्कर पुरस्कार मिळाला. प्रोपोफॉल पंपाने थेंबाथेंबाने शिरेतून देत राहायचे, वेदनेसाठी फेंटानिल किंवा रेमिफेंटानिलसारखे औषध जोडीला द्यायचे आणि वायू जवळजवळ बंद ठेवायचा, अशी पद्धत रूढ झाली. प्रोपोफॉलही लाटा थोड्या दाबतोच, पण वायूइतक्या नाही. केटामाइन तर लाटा उलट उंचावते, म्हणून काही डॉक्टर त्याची थोडी मात्रा देतात. जास्त दिले तर जागे होताना भास होतात, हा त्याचा तोटा. अगदी थोडा वायू चालतो, असे मानणारे अनुभवी डॉक्टरही आहेत.

काही वर्षांपूर्वी माझ्या बहिणीच्या नातीवर अशी शस्त्रक्रिया झाली. पोर बारा वर्षांची, कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या. बहिणीने हात जोडूनच सांगितले, "मॅडम, पोर सुईला फार घाबरते. गॅसवरच निजवा तिला."

बाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "आजी, झोप लागेपर्यंत गॅस देऊ. सुई झोपेतच लावू. पण मग गॅस बंद करावा लागेल. तो चालू ठेवला तर तिच्या पायाची लाट मला दिसणार नाही, आणि ती दिसली नाही तर सर्जनसाहेबांना आम्ही सावध कसं करणार?"

पोर इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, "मला मध्येच जाग आली तर?"

या प्रश्नावर बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले की शिरेतून दिलेल्या औषधाची रक्तातली मात्रा वायूसारखी श्वासातून मोजता येत नाही, म्हणून कपाळावर एक पट्टी लावतात आणि झोप किती गाढ आहे ते त्यावरून पाहतात. झटक्याने जबडा आवळला जातो, म्हणून दातांत कापसाची मऊ गुंडाळी ठेवतील, नाहीतर जीभ चावली जाईल, हेही सांगितले. "आणि अगदीच गरज पडली तर मी तुला हाक मारीन. तू पाय हलवायचा आणि परत झोपायचं. तुला बहुतेक आठवणारही नाही." पोरीने मान हलवली. मला वाटते, त्या वॉर्डात तिला मोठ्या माणसासारखे वागवणाऱ्या त्या पहिल्याच. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पायाची बोटे हलवली आणि माझी बहीण कॉरिडॉरमध्येच भिंतीला टेकून खाली बसली.

लहान मुलांचे गणित आणखी नाजूक असते. मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या वाटा पहिल्या काही वर्षांत पूर्ण तयार झालेल्या नसतात. त्यामुळे लाट मुळातच क्षीण येते, झटका अधिक द्यावा लागतो आणि भुलीची मात्रा जरा चढली की ती लाट नाहीशी होते. वजनाच्या मानाने मुलांना प्रोपोफॉल मोठ्यांपेक्षा जास्त लागतो, पण तो फार मोठ्या मात्रेत फार वेळ दिला तर क्वचित हृदयावर आणि स्नायूंवर गंभीर परिणाम होतो. म्हणून एकच एक औषध ताणत न नेता दोन-तीन औषधांचा मेळ घालतात. लाट खचली की आधी पाहायचे, भूल चढली का, रक्तदाब उतरला का, अंग गार पडले का, तार निसटली का. सगळे ठीक असेल तर सर्जनने शेवटची केलेली गोष्ट उलटवायची. तरीही शंका उरली तर १९७३ची ती वेक-अप टेस्ट आजही मदतीला येते. जिथे पहाऱ्याचे यंत्र आणि ते वाचणारा माणूस नाही, तिथे तर तिचाच आधार असतो.

परळमध्ये हा इतिहास थांबलेला नाही. केईएमच्या अतुल गोएल यांनी मानेतले पहिले दोन मणके प्लेट आणि स्क्रूने जखडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती जगभर गेली. जन्मतःच ते मणके निसटलेली मुले तिच्यामुळे वाचतात. दुसरीकडे पोलिओ हटला. त्याची लस पुरवणाऱ्यांत परळचे हाफकिनही होते, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. कॅलिपरचा आवाज जिन्यांवरून गेला. वाकलेले कणे मात्र संपले नाहीत. काही जन्मजात, काही वाढीच्या वयात अकारण वाकणारे, काही अजूनही क्षयाचे.

अशा मुलाचे आईबाप कागदावर सही करतात तेव्हा त्यांना सर्जनचे नाव पाठ असते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही भेटा. नसांवर पहारा ठेवणार का आणि पडद्याकडे कोण बघणार, ते विचारा. लाट खचली तर काय करणार, मुलाला मध्ये उठवावे लागेल का, हेही विचारा. उठवावे लागणार असेल तर मुलाला ते आधीच समजावून सांगा. घरात पूर्वी कोणाला भुलीचा त्रास झाला असेल तर लपवू नका. उपाशी ठेवायला सांगितले असेल तर मायेपोटी दुधाचा घोटही देऊ नका. आणि घरी परतल्यावर फाईलमध्ये सर्जनच्या नावाखाली भूल देणाऱ्या डॉक्टरचेही नाव लिहून ठेवा. मुलाला पुढे कधी भूल घ्यावी लागली, तर त्या ओळीचा उपयोग होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)